मोडीचा भाव

आमच्या काउंटरवर 'क्रीम' म्हणायला बंदी आहे.
'विधी' म्हणायचं.
डबीला डबी नाही, पात्र.
किंमत तोंडाने सांगायची नाही,
कार्ड पालथं सरकवायचं
दोन्ही हातांनी,
लग्नाची पत्रिका देतात तसं.

पुण्याहून आलेल्या मॅडमनी तीन दिवस शिकवलं हे
हॉटेलच्या गार खोलीत.
बाहेर जळगाव पंचेचाळीसवर होतं,
डांबर चपलेला धरून ठेवत होतं,
आणि आम्ही सहा मुली पाठ करत होतो:
हिमनदीचं पाणी.
वर्षातून एकदा उमलणारं फूल.
सोन्याचे सूक्ष्म कण.

सोन्याचे, हे मी पहिल्यांदा बोलले
ते लीलावतीबाई विसपुत्यांसमोर.
चूकच झाली.
त्यांचं सासर पारोळ्याचं, तीन पिढ्या भट्टी.
चष्मा वर सरकवून त्यांनी पात्र उजेडात धरलं.
'कितीचं? बावीस का चोवीस?'
मी म्हटलं, कण आहेत, ताई.
'कणच इचारते. एका डबीत किती गुंजा?'

तीस मिली. अडतीस हजार.
त्यांनी पेरांवर भागाकार केला,
ओठ जरा हलले,
आणि मग:
'आन् मोडीले काय भाव?'

आक्षेप एक ते अकरा मला तोंडपाठ होते.
महाग आहे. मिस्टरांना विचारते. घरी आहे एक.
मोड त्यात नव्हती.
ज्या बाजारात बाई पाटल्या करते
त्या मोडताना काय येईल हे आधी विचारून,
तिथे मी विकत होते
रोज रात्री थोडं थोडं
उशीच्या अभ्र्यावर पुसलं जाणारं सोनं.

मग शिकवलं होतं तेच केलं. हात मागितला.
चिमुकल्या चमच्याने घेतलं
ज्वारीच्या दाण्याएवढं,
आणि मनगटापासून, गोल, सावकाश,
गोंदणाच्या तीन ठिपक्यांना वळसा घालत
सहा मिनिटं.
घड्याळ लावून बसवलेली सहा.
चौथ्याला त्यांनी डोळे मिटले.
पाचव्याला म्हणाल्या, कुणाला तरी,
'कासार धरे असा हात, बांगड्या भरताना.
ह्यांच्यामागं तेही सुटलं.'

फॉर्मवर रकाना होता: ग्राहकाची मुख्य समस्या.
डाग, सुरकुत्या, कोरडेपणा.
मी कोरडेपणावर खूण केली.

रात्री टेस्टरच्या तळाचं खरवडून घरी नेलं.
आई चिप्सच्या कारखान्यात कच्ची केळी सोलते,
चिकाने बोटं काळी, नखं त्याहून काळी.
आमच्या पत्रकात लिहिलंय,
कसलाही डाग सात आठवड्यांत फिका.
आईला वाचून दाखवलं नाही.
तिने वास घेतला, 'खायचं आहे का?' विचारलं,
आणि सकाळी कामाला बसण्याआधी
तळहातांना चोपडलं
रोज गोडंतेल चोपडते तसं.
संध्याकाळी म्हणाली,
चीक लागत नाही बरं का. तेलापेक्षा चांगलं आहे.
आणखी आहे का?

लीलावतीबाई दर मंगळवारी येत राहिल्या.
उजवा हात, मग डावा.
घेत काही नव्हत्या.
मॅनेजर माझ्याकडे बघायचा, मी घड्याळाकडे.

आखाजीला आल्या त्या इस्त्रीच्या लुगड्यात.
लेक आलेली माहेरी, ती बाहेर गाडीतच, फोनवर.
रुमाल सोडला, नोटा मोजल्या, थुंकी लावून,
अडतीस हजार.
पात्राची मखमली पेटी, रेशमी फीत,
सगळं बाजूला केलं त्यांनी
आणि पिशवीतून स्वतःचा
सराफाचा गुलाबी कागद काढला.
'यात बांध. मुहूर्ताचं आहे.'

मी चार घड्या घातल्या, जमतील तशा.
तोवर त्यांनी काउंटरवर उजवा हात ठेवलेला,
तळवा वर.
'घडणावळ यातच धरली ना?
का येगळी?'

यातच, म्हटलं,
आणि चमचा शोधू लागले.